डावी बाजू भिंतीकडे

मी पुट्टी बोलतेय.

आता तुम्ही म्हणाल, पुट्टीनं काय बोलायचं? आत्मवृत्त सांगावं ते नदीनं, वडाच्या झाडानं, गेला बाजार फाटक्या पुस्तकानं. पुट्टीचं काम तोंड बंद ठेवायचं. खरंय ते. माझा सगळा जन्म तोंड बंद ठेवण्यात गेला. म्हणून तर आता सुटलेय.

गाडीच्या पत्र्याला पोचा आला की त्या खड्ड्यात करड्या रंगाचा एक लगदा भरतात आणि वरून रंग मारतात. तो लगदा म्हणजे मी. बायका तोंडाला पावडर लावतात तसलाच प्रकार, फक्त माझा थर जरा सढळ हातानं दिलेला. बार्शीटाकळीच्या एका जुन्या फियाटवर, डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वरच्या गोलाईत माझा मुक्काम. वय चाळिशी उलटलेलं. ओलावा लागला की फुगते. कडेनं बारीक भेगा पडल्यात. तुमच्यात नसतं का हे सगळं? मग हसू नका.

माझा जन्म अकोल्यातला, रऊफच्या डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमधला. जन्म म्हणजे काय, डब्यातून लगदा काढायचा, ट्यूबमधून वाटाण्याएवढं हार्डनर पिळायचं, दोन्ही एकत्र पात्यानं घोटायचं. मग घाईच घाई. दहा मिनिटांत लावली तर लावली, नाही तर दगड. माझं बालपण, तारुण्य आणि लग्न, सगळं त्या दहा मिनिटांत उरकलं. पुढे उरलं ते घासून घेणं. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग पाण्याचा. इतकं घासल्यावर कुणीही गुळगुळीत होईल. लोक मात्र म्हणतात, वा, काय पत्रा आहे!

ही गाडी म्हणजे डुक्कर फियाट. नाव मी नाही ठेवलं. पाठीला गोल, नाकाला पुढे, म्हणून सगळा मुलूख तिला डुक्करच म्हणायचा. रंग सायीचा. बार्शीटाकळीच्या चंद्रभाननं ती अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. कापूस आणि तूर पिकवणारा माणूस, अंगानं आडवा, बोलायला कमी. त्यानं एकदा खळ्यात, गंमत म्हणून, बायकोला स्टेअरिंगवर बसवलं. ती गंमत त्याला जन्मभर पुरली.

बायको म्हणजे गोदाबाई. नऊवारीचा काष्टा सावरून क्लच दाबणारी. तिला पुढे जाणं छान जमलं. वळणंही जमलं. डाव्या बाजूला गाडी किती रुंद आहे, हे मात्र तिला त्या दिवशीही कळलं नव्हतं आणि आजही कळलेलं नाही. त्या न कळण्यावरच माझा संसार उभा आहे.

घरात सासू होती, गंगूबाई. कमरेला चाव्यांचा जुडगा. सून गाडी चालवते हे तिला मान्य नव्हतं, पण मुलापुढे तिचं चालेना. मग तिनं ओसरीवर बसून सगळ्यांदेखत अट घातली, "चालवू दे तिले. पण ज्या दिवशी गाडीले ओरखडा दिसन, त्या दिवशी चाबी माह्या कमरेले. मंग मागू नको."

हंगामात गोदाबाई चंद्रभानला घेऊन अकोल्याला जिनिंगवर गेली. फाटकाबाहेर कापसानं भरलेल्या बंड्यांची रांग. तिनं गाडी रांगेच्या कडेनं काढली आणि एका बंडीच्या चाकाला डाव्या बाजूनं असा आवाज काढला की बैलांनी मान वळवून बघितलं. चंद्रभान उतरला. पोचा बघितला. बायकोकडे बघितलं. ती स्टेअरिंग धरून तशीच, डोळे भरलेले. चाबी गेली, हे तिला कळलं होतं.

चंद्रभाननं विचारलं, "बंडीले तं लागलं नाही न?"

एवढंच. त्यानंतर तो तिला सरळ रऊफकडे घेऊन गेला. रऊफ तेव्हा तरणाताठा, नुकती स्वतःची शेड टाकलेली. त्यानं चाकाच्या आतून हात घालून बघितला, बाहेरून ठोकून बघितलं.

"भाऊ, इथं पत्रा डबल हाय. मांगून हात नाही जात. पूरा काटना पडेगा, नाही तं पुट्टी भरतो."

"किती वेळ?"

"पुट्टी असन तं उद्या दुपारी घेऊन जा."

"भर मंग. आन रऊफ, हे माह्या मायपर्यंत गेलं नाही पाह्यजे."

"अपने मुंह से तं नाही जात, भाऊ. रंगाच्या वासाचं तुमचं तुम्ही पाहा."

अशी मी या घरात आले. चोरून आणलेली, वाजंत्री नाही, काही नाही. दोघं त्या रात्री अकोल्यात नातेवाइकांकडे राहिले आणि घरी निरोप धाडला की कापूस खाली झाला नाही, बंड्या अजून रांगेतच आहेत. दुसऱ्या दिवशी गंगूबाईनं गाडीभोवती फेरी मारली, नाक उडवलं. "कावून रे, वास कशाचा येते?"

"पॉलिश केली, माय."

मी श्वास रोखून बसले. पुट्टीला श्वास नसतो, माहीत आहे. पण त्या दिवशी होता.

रऊफचा हात चांगला, रंग मात्र एक छटा पिवळा पडला. मग चंद्रभाननं एक नेम धरला. गाडी कुठेही लावायची तर डावी बाजू भिंतीकडे. मी दिसू नये म्हणून. आता गंमत बघा. मला लपवायला गाडी भिंतीला चिकटवायची आणि भिंतीला चिकटवताना गोदाबाईकडून मला पुन्हा लागायचं. पुन्हा अकोला, पुन्हा रऊफ, पुन्हा "कापूस खाली झाला नाही". एका वर्षी तर ऐन पेरणीत कापूस खाली झाला नव्हता. गंगूबाईला हिशेब लागला नसेल असं मला नाही वाटत. पण ओरखडा दिसला तर चाबी, अशी अट होती. ओरखडा काही दिसला नाही. म्हातारी शब्दाची पक्की. गेली ती चाबी न मागता.

माझ्यावर थरावर थर चढले. मी जाड झाले, दारापर्यंत पसरलेही, हे मान्य. आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात बसून स्वतःला पत्रा म्हणवून घेणारी मी, मला कशाचा तोरा असावा? पण होता. लग्नाला-मुंजीला गाडी न्यायची, लोक नेमके माझ्यावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "चंद्रभानभाऊ, पत्रा पाहा कसा ठेवला!" मी आतून फुलायचे. नंतर कळलं, ते फुलणं नव्हतं, पावसाचं पाणी मुरत होतं.

माझा तोरा उतरवायला घरातच एक जण होता. छप्पर आणि मागचा पत्रा जिथं जुळतात, त्या सांध्यात कारखान्यातच शिसं वितळवून भरलेलं आहे, आणि कानशीनं असं साफ केलेलं की सांधा दिसत नाही. मी त्यांना शिसेराव म्हणते. नात्यानं भासराच, म्हणजे थोरला दीर. त्यांचं एकच पालुपद.

"मी आगीतून आलो. तू डब्यातून आलीस."

"बरं बाप्पा," मी म्हणायचे. "काम तं दोघांचं एकच न, भेग झाकणं?"

"मी सांधा जुळवतो. तू खोटं बोलतेस."

खरं बोलणाऱ्याशी वाद घालणं फार अवघड असतं, त्यातून तो आपल्या डोक्यावर राहत असला तर जास्तच.

दिवस गेले. चंद्रभान गेला. मुलगा अमोल अमरावतीला राजापेठेत राहतो. त्याचे ट्यूशन क्लासेस आहेत, बायको प्रणाली तिथंच गणित शिकवते. मुलगा चांगला आहे, फक्त काळजी फार करतो. राजापेठेत स्वतःची गाडी लावतानाही डावी बाजू भिंतीकडे करतो. प्रणालीनं एकदा गावी आली असताना कारण विचारलं तर म्हणाला, "बाबांची शिस्त होती." मी ते ऐकलं आणि मला इतकं हसू आलं की एक टवका उडता उडता राहिला.

इकडे गोदाबाई सत्तरी ओलांडून पुढे गेलेली. गुडघे दुखतात, पायी चालवत नाही फार. पण दर शनिवारी फियाट काढते. आधी वावरापर्यंत, मग अकोल्याला बाजार, येताना गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या मागच्या सीटवर, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवलेलं, कुणी नातीला भेटून आलेली. पायांनी साथ सोडली, चाकांनी सोडली नाही, असं तिचं चाललेलं. गाडी गेली तर ती ओसरीवर बसणार आणि कुणी नेलं तर जाणार, एवढं ते सरळ होतं.

आणि गाडी जायची वेळ आली.

अमोलला कुणीतरी सांगितलं, तुझी आई हायवेला ट्रकच्या पुढे गाडी काढते. तो रविवारी आला तो ठरवूनच. "आई, बस झालं आता. अमरावतीचे कुंदनभाऊ आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांना द्यायची गाडी. चांगली राहीन त्यांच्याकडे. तुले कुठं जायचं असन तं मी आहो न."

"तू अमरावतीले हायस. मले शनिवारी जा लागते."

"फोन करजो, येऊन जाईन."

"शनिवारी तुये क्लास असतात."

अमोलनं मान डोलावली. पण बेत काही सोडला नाही. मुलानं काळजीच्या सुरात मागितलं की आईला भांडता येत नाही, हे मी बघत आलेय. गोदाबाईही भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पाहू दे त्याले. रऊफच्या शेडमंधी पाहू दे. गाडी मी घेऊन येतो." आपल्याकडच्या बाया येतो-जातोच म्हणतात, तशीच ती म्हणाली, पण आवाज पार बसलेला.

पुढच्या रविवारी कुंदन शेडमध्ये आला तो पांढऱ्या बुटांत. त्याच्या फार्महाऊसवर जुन्या गाड्यांची रांग आहे म्हणे. त्याची अट एकच, पत्रा मूळचा हवा, पुट्टीचा एक कणही चालत नाही. पुट्टीची गाडी म्हणजे त्याच्या लेखी बाटलेली. हे तो माझ्यासमोरच म्हणाला. अमोलनं छातीठोक सांगितलं, "आमच्या बाबांनी या गाडीले पुट्टी कधी लागू दिली नाही. डावी बाजूसुद्धा नेहमी भिंतीकडे, कोणी घासू नये म्हणून!"

रऊफ आता साठीचा, दाढी पिकलेली, डोळ्यांवर चष्मा. तो एकदम खोकायला लागला.

कुंदननं खिशातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला चुंबक काढला. लोखंडाला चिकटतो, मला चिकटत नाही. माझ्या जातीचा हा जुना वैरी. त्यानं तो बोनेटला लावला. खट्ट. उजव्या दाराला. खट्ट. उजव्या मागच्या बाजूला. खट्ट. दर खट्टला गोदाबाईचा चेहरा उतरत होता. डावीकडे शेडची भिंत, गाडी सवयीनं तिला चिकटवलेली. तिकडे जायला जागाच नव्हती. कुंदनचा चुंबक वर गेला, छपराच्या सांध्यावर. आणि घसरला.

पुन्हा लावला. पुन्हा घसरला.

"अमोलभाऊ! इथं तर पुट्टी आहे!"

शिसेरावांना पुट्टी म्हटलं! आगीतून आलेल्या माणसाला! माझ्या इतक्या वर्षांच्या अपमानाची भरपाई त्या एका शब्दात झाली. आणि गोदाबाईचा चेहरा उजळला. सौदा मोडणार होता, आणि तोही आपोआप.

पण रऊफच्या तोंडाला कुठला धीर? आपल्या शेडमध्ये, आपण सांभाळलेल्या गाडीच्या छपरात कुणी पुट्टी काढतो, हे त्याला सहन होईना.

"ओ भाऊ, पुट्टी नाही ते! शिसं हाय, कंपनीचं! शिश्याले बी चुंबक नाही चिपकत! ऐसी गाडी ढूंढ के नाही मिलेगी तुमाले!"

"शिसं? सांध्यात अजून कारखान्याचं शिसं आहे?" कुंदनचे डोळे चमकले. "अमोलभाऊ, मग बोलायचं काही कामच नाही. गाडी आजच नेतो."

गोदाबाईनं रऊफकडे असं बघितलं की त्यानं चष्माच काढून ठेवला. "भाभी, मै क्या..."

"तू चूप बस. गाडी पुढं घे."

"कावून?"

"घे म्हणतो न."

रऊफनं गाडी भिंतीपासून काढली. माझ्यावर ऊन पडलं. मला समजेना, ही काय करतेय. इतकी वर्षं तिचा नवरा मला भिंतीकडे ठेवत आला. मी उघडी पडले तर लेकाला कळणार, आई किती ठोकते ते, आणि मग त्याला चाबी घ्यायला कारणच मिळणार. ती मात्र कुंदनपुढे हात करून उभी. "तो चुंबक द्या बरं, भाऊ."

तिनं चुंबक माझ्यावर टेकवला आणि सोडला. टप्पकन मातीत पडला.

"ही जिनिंगवरची बंडी," ती म्हणाली. उचलून वीतभर पुढे लावला. टप्प. "हे आपल्याच घरचं फाटक." टप्प. "हे बी फाटकच. पुन्यांदा." मग दारावर. टप्प. "ही कोणाची म्हैस होती, आठवत नाही. म्हशीले काही झालं नाही." टप्प. "अन् ही शेडची भिंत. ह्याच रऊफची. दुरुस्तीले आणली अन् इथंच लागली."

रऊफनं मान डोलावली. "भिंत का पिलास्तर भी गया था, भाभी."

कुंदननं चुंबक पुसला, फडक्यात गुंडाळला. त्याच्या चेहऱ्यावर दुखवटा होता. "अमोलभाऊ, छप्पर ए-वन आहे. पण ही बाजू... सॉरी." आणि पांढरे बूट झटकत तो आपल्या गाडीत बसून गेला. अमोल त्याच्याच गाडीतून आला होता, तो तिथंच राहिला.

"आई, तू... इतक्या वेळा? अन् बाबा म्हणे पत्रा..."

"तुये बाबा भिंतीकडे ठेवत होते, हे कोणाले दिसू नये म्हणून. नाही तं तुया आजीनं पहिल्याच बंडीले चाबी घेतली असती."

"आणि मी राजापेठेत..." अमोल तोंडावर हात धरून उभा. मग काळजी परत आली. "नाही आई. आता तं अजिबात नाही. चाबी आण. मी चालवतो."

हेच होणार, मला माहीत होतं. मी मनात म्हटलं, बाई गं, एवढं खरं बोलून तू काय मिळवलंस? गोदाबाईनं चाबी त्याच्या हातावर ठेवली.

अमोल बसला. या गाडीचा गिअर खाली नसतो, स्टेअरिंगलाच दांडी असते. त्याला ते कुठलं माहीत? गाडी एकदा उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा मागे गेली. तिसऱ्यांदा रस्त्यात मधोमध, मागे ऑटोवाला. "ओ भाऊ, डुकराले चालवता येत नाही तं चारा टाका!" तो ओरडला. गोदाबाई शेजारच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत.

"आई," अमोल म्हणाला, "गावापर्यंत तू घे."

तिनं घेतली. अख्ख्या रस्त्यात एकही ट्रक मागे टाकला नाही, आणि अमोल ते बघत होता. मध्येच आपल्या गावच्या दोन म्हाताऱ्यांनी हात दाखवला, त्या सवयीनं मागे बसल्या. एकीनं विचारलं, "गोदे, पुढल्या शनिवारी हायस न?" गोदाबाईनं गिअरची दांडी ओढली. अमोल खिडकीबाहेर बघायला लागला.

घर आलं. फाटक आलं. फाटकात शेळी. गोदाबाईनं शेळीला वाचवायला स्टेअरिंग वळवलं, छान वळवलं. फक्त डाव्या बाजूला गाडी किती रुंद आहे...

टक्क.

माझा एक मोठा तुकडा सुटला आणि मातीत पडला. गोदाबाईचे हात स्टेअरिंगवरच गोठले. अमोल उतरला. माझ्याकडे बघितलं. आईकडे बघितलं. ती तशीच बसलेली, समोर बघत, जिनिंगच्या फाटकाबाहेर बसली होती तशी. तो दिवस त्यानं बघितलेला नव्हता. बाबा तेव्हा काय म्हणाले, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अमोल घसा खाकरून म्हणाला, "फाटकाले तं लागलं नाही न?"

गोदाबाई हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना. मागच्या म्हाताऱ्या विचारत राहिल्या, काय झालं व, काय झालं. अमोलनं वाकून माझा तुकडा उचलला. त्यात कडेनं थर दिसत होते, साय, करडा, साय, करडा. ते त्यानं बोटानं मोजून बघितले. मग तुकडा डॅशबोर्डवर, गणपतीच्या शेजारी ठेवला आणि चाबी आईच्या हातात दिली.

ओसरीवर जाऊन त्यानं फोन लावला. "रऊफचाचा, पुट्टी आहे का? हो. शनिवारी गाडी घेऊन आई येईन, आईच. आणि चाचा, प्रणालीले काही सांगू नका. म्हणा पॉलिश केली."

तेव्हा सध्या मी दोन ठिकाणी राहते. थोडी चाकावरच्या गोलाईत, थोडी देवाशेजारी. एका पुट्टीला अजून काय पाहिजे? शनिवारी माझ्या शेजारी नवीन येईल, ताजी, डब्यातली. तिला मी एवढंच सांगणार आहे की बाई, फुगू नकोस, आणि शिसेरावांचं फार मनावर घेऊ नकोस. ते हल्ली गप्प असतात. एकदाच म्हणाले, "मला पुट्टी म्हणाला तो." मी म्हटलं, "म्हणाला तं म्हणाला, भासरेबुवा. मरत नाही कोणी."

माझीही एक विनंती ऐका. कुठं एखादी जुनी गाडी दिसली, डावी बाजू भिंतीला अगदी चिकटवून उभी केलेली, तर चुंबक घेऊन तिकडे जाऊ नका. उजवीकडून बघा, पत्रा छान आहे म्हणा आणि पुढे व्हा. आतून कुणीतरी फुगेल जराशी. फुगू द्या.